बिनघोर भूल

त्या वर्षांत भूल निवडायला जाणं म्हणजे लग्नाचा शालू निवडायला जाण्यासारखं झालं होतं. ऑपरेशनच्या आठ दिवस आधी भूलघराचं बोलावणं यायचं. पेशंटनं यायचं, जिवाभावाचं एक माणूस सोबत आणायचं, चहा घ्यायचा, आणि समोर बसलेल्या भूलतज्ज्ञानं उलगडून दाखवलेल्या तीन तऱ्हांमधून आपली भूल आपण पसंत करायची. लोक तिथूनच भावाला फोन लावायचे. शेजारच्या काकूंनी कुठली घेतली होती ते विचारायचे. ‘उद्या सांगतो’ म्हणून उठायचे आणि दारापर्यंत जाऊन परत यायचे.

सांगलीच्या भूलघरात त्या सकाळी तासगावच्या रोहिणीबाई रासने आल्या होत्या. वय चौसष्ट, धंदा बांगड्यांचा. घराणं कासाराचं, पंचेचाळीस वर्षं तालुक्यातल्या लेकीसुनांच्या हातांत त्यांनी काच भरली होती. सोबत त्यांची एकुलती लेक केतकी, सातवा महिना लागलेली, हातात फाइल आणि डोळ्यांखाली जागरण.

“मला काही होतच नव्हतं,” रोहिणीबाई डॉक्टरांना सांगत होत्या. “मेल्या संडासानं चहाडी केली.”

ते खरंच होतं. घरोघरच्या संडासाच्या भांड्यात आता नखाएवढी एक चकती बसवलेली असे. मोठ्या आतड्यात कर्करोगाची गाठ धरू लागली, की ती चकती ओळखायची आणि परस्पर आरोग्य केंद्राला कळवायची. रोहिणीबाईंना फोन आला तेव्हा त्या दुकानात एका नवरीचा चुडा भरत होत्या. त्यांनी आधी चुडा पुरा केला, मग फोन घेतला.

भूलतज्ज्ञ होत्या डॉक्टर निखत मुजावर. पस्तिशीच्या, बोलायला मऊ, आणि समजावून सांगताना हात हलवायची सवय असलेल्या.

“मावशी, गाठ कापून काढणं आता अवघड राहिलेलं नाही. खरी अडचण ती हलवताना होते. वाळलेलं तिळाचं बोंड हातात धरलं की दोन-चार दाणे उडतातच. तशा गाठीतल्या दोन-चार पेशी रक्तात सांडतात. यकृतात जाऊन रुजल्या, की पुन्हा पहिल्यापासून सुरू.”

“मग ते दाणे वेचायला कोणी नसतं?”

“असतं की. शरीरात राखण असते. आम्ही जागल्या पेशी म्हणतो. पूर्वी गावात रात्रीचा जागल्या फिरायचा ना, काठी आपटत? तसे रक्तात फिरतात. परका दिसला की संपवतात.”

“मग झालं तर.”

“झालं असतं. पण नेमके ऑपरेशनच्या वेळी ते पेंगतात.”

रोहिणीबाई हसल्या. “म्हणजे आमच्या बाजारपेठेतल्या राखणदारासारखेच.”

का पेंगतात, याचा शोध लागायला डॉक्टरांच्या तीन पिढ्या गेल्या होत्या. वायू हुंगवून झोपवावं की शिरेतून औषध देऊन, यावर जुन्या लोकांनी वर्षानुवर्षं वाद घातला, हजारो पेशंटांचे आकडे मांडले. पारडं कधी इकडं झुकलं, कधी तिकडं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की भूल कुठलीही द्या, मेंदूच्या बुडाशी तांदळाच्या दाण्याएवढा पेशींचा एक पुंजका असतो आणि तो झोपतच नाही. माणूस गाढ झोपलं तरी तो आपला काळजी करत बसलेला असतो. त्याला नाव पडलं घोरगाठ. पोटावर सुरी फिरली की घोरगाठ अंगभर निरोप धाडते: संकट आलंय, सगळं बळ हातापायांत आणा, राखणीचं मागाहून बघू. वाघ पाठीशी लागलेल्या माणसाला हा निरोप वाचवतो. ऑपरेशनच्या टेबलावर पडलेल्याला तोच मारतो, कारण तेवढ्या दोन-तीन तासांत राखण उठून गेलेली असते.

तेव्हापासून तिसरी तऱ्हा आली. पाठीच्या कण्यात सुई देऊन पोट बधिर करायचं, आणि मेंदूत झोपवायची ती फक्त घोरगाठ. माणूस टक्क जागं, बोलतं, हसतं. काळजी तेवढी नाही. कागदावर तिचं नाव लांबलचक होतं. लोक तिला बिनघोर म्हणत.

“तुमच्या टप्प्याच्या आजारात,” डॉक्टर निखत म्हणाल्या, “पहिल्या दोन भुलींनंतर चौघांत एकाला गाठ पुन्हा होते. बिनघोर घेतलेल्यांत विसांत एकाला.”

“मग विचार कसला करायचा?” केतकी म्हणाली. “बिनघोरच लिहा.”

 रोहिणीबाईंनी डॉक्टरांचा हलणारा हात हवेतच पकडला आणि आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला.

“मी पण भूलच देते, डॉक्टरीणबाई. घाबरलेल्या बाईचा हात लाकडासारखा होतो. तशात बांगडी रेटली की ती वाढते. आम्ही फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. म्हणून मी विचारत राहते: माहेर कुठलं, भाऊ किती, यंदा शेवगा लागला का दारचा. बाई माहेरी पोचली की हात सैल पडतो, आणि तेवढ्यात मी काच चढवते.” आणि त्या हलकेच गुणगुणल्या:

*हात सैल सोड सई, जशी पाण्यावर वेल,*
*काचेच्या गं वाटेला नको साबण, नको तेल.*

“पण कुठं दाबायचं, कुठं थांबायचं, हे कसं कळतं?” डॉक्टरांनी विचारलं. हात त्यांनी सोडवून घेतला नव्हता.

“मला धास्ती असते ना. हिला काच लागेल, रक्त येईल, ही धास्ती. ती माझ्या बोटांत बसलेली असते, तीच सांगते. तुम्ही ती झोपवणार म्हणता.”

“दोन-तीन तास फक्त. संध्याकाळपर्यंत जागी होते.”

“सगळ्यांची?”

डॉक्टरांनी संमतीपत्र पुढं केलं आणि अकराव्या ओळीवर बोट ठेवलं. शंभरातल्या तिघांची घोरगाठ परत जागी होत नाही, असं तिथं लिहिलं होतं. दुष्परिणाम: काळजी न परतणे. केतकीला हसू आलं. तो दुष्परिणाम वाचून बहुतेक जण हसत.

रोहिणीबाई हसल्या नाहीत. “काळजी जाते. आणि माया?”

“माया राहते. मेंदूत तिची जागा वेगळी आहे.”

“असेल बाई. मला तर दोन्ही एकाच चुलीवर शिजताना दिसल्या.” त्यांनी लेकीच्या पोटाकडं पाहिलं. “हिचं पहिलं बाळंतपण आहे. माझ्या हातून व्हायचंय. काळजी नसलेल्या बाईनं बाळंतपण कसं करायचं?”

“आई,” केतकी म्हणाली. “बाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. आता तू पण नको जाऊस. तू असलीस की झालं मला. बाकी काही नको.”

रोहिणीबाईंनी पेन घेतलं. सही करताना म्हणाल्या, “बघ हां. मागाहून म्हणशील.”

ऑपरेशनच्या दिवशी केतकी आईच्या उशाशी बसली. बिनघोरमध्ये सोबत लागायची. माणूस जागं असल्यावर त्याला बोलायला कोणीतरी हवं. छातीवर हिरवा पडदा आडवा बांधलेला. पडद्यापलीकडं सर्जन आणि त्यांची यंत्रं, अलीकडं मायलेकी आणि डॉक्टर निखत.

औषध शिरलं, आणि केतकीनं आपल्या आईचा चेहरा उमलताना पाहिला. भुवयांमधली उभी रेघ जन्मापासून तिथंच आहे असं तिला वाटायचं. ती पुसली गेली. खाली एक मुलगी होती, अठरा-एकोणीस वर्षांची, जिला केतकी कधी भेटली नव्हती.

“काय मिळतंय का?” आईतल्या त्या मुलीनं पडद्यापलीकडं विचारलं.

“शोधतोय, मावशी,” सर्जन म्हणाले.

“सावकाश शोधा. मला कुठं जायचंय.” आणि लगेच तिनं सूर धरला:

*पोटी माझ्या उतरला बिनबोलावता पाहुणा,*
*जेवूनखाऊन झाला जड, उठ म्हटलं तर उठेना.*

पडद्यापलीकडून कोणीतरी फिसकन हसलं. सर्जन म्हणाले, “मावशी, हसवू नका, हात हलतो.” “मग तुम्ही कडवं जोडा,” मावशी म्हणाल्या. डॉक्टर निखत उशाच्या यंत्रावरचे आकडे बघत होत्या. राखण जागी होती, आकडे उड्या मारत होते. पावणेतीन तासांत बाईंनी सात ओव्या रचल्या, सर्जनच्या आईचं माहेर विचारून घेतलं, आणि नर्सच्या मनगटाचं माप नजरेनंच सांगितलं.

मधेच त्या केतकीकडं वळल्या. “एक गंमत सांगू? तुझे बाबा गेल्यावर मी रात्री तीन-तीनदा उठायचे. तुझ्या नाकाशी बोट धरायचे, श्वास चालतोय का बघायला. तू बावीस वर्षांची झालीस तरी. लग्न करून गेलीस तेव्हा मला प्रश्न पडला, आता बोट कुठं धरू?” आणि त्या खळखळून हसल्या, एखाद्या खुळ्या शेजारणीची गोष्ट सांगावी तसं.

केतकीही हसली. डोळे पुसले ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

गाठ अख्खी निघाली. रक्तात सांडलेल्या पेशी राखणीनं वेचून संपवल्या. संध्याकाळी डॉक्टर निखत हुरहूर चाचणी घ्यायला आल्या. चाचणी साधी होती. त्या म्हणाल्या, “मावशी, केतकी दुपारची गेलीय, अजून आली नाही. फोनही लागत नाही.” आणि नाडी उडते का बघायला त्यांनी रोहिणीबाईंचं मनगट धरून ठेवलं.

“येईल की,” रोहिणीबाई म्हणाल्या. “जास्वंदीचा चहा मिळेल का हो इथं?”

दुसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी तेच. शंभरातल्या तिघांत त्या होत्या.

घरी आल्यावर मात्र कुणाला वाईट वाटलं नाही. घर उजळल्यासारखं झालं होतं. केतकी ऑपरेशनच्या सहाव्या दिवसापासून माहेरीच राहिली होती, तिला रोज सकाळी आईच्या गाण्यानं जाग यायची. रक्तदाबाची गोळी सुटली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा रोहिणीबाई गरम जेवल्या, कारण आधी सगळ्यांना वाढून मग बसायचं त्यांच्या ध्यानातच येईना. एक दिवस उठल्या आणि एकट्याच रत्नागिरीला जाऊन समुद्र बघून आल्या. येताना पिशवीभर शंख आणले आणि फोन घरीच राहिला होता हे हसत सांगितलं. केतकीचा नवरा प्रणव म्हणाला, “माझ्या आईला पण देतात का विचार की हे.”

दुकान उघडलं आणि पहिल्याच दिवशी चार बांगड्या वाढल्या. तिसरी वाढली ती माळ्यांच्या सुनेच्या हातात. काच अंगठ्याच्या मुळाशी रुतली, रक्ताचा थेंब गादीवर पडला. रोहिणीबाईंनी तिचं बोट ओठांना लावलं, गालाला हात लावला. “वाढली गं बाई. चल, दुसरी भरू,” म्हणाल्या आणि तशीच, त्याच जोरानं, दुसरी रेटली. तीही वाढली.

पंचेचाळीस वर्षांत एका दिवसात एवढ्या बांगड्या कधी वाढल्या नव्हत्या. बायका तरीही येत राहिल्या, हसायला मिळायचं. फक्त आता त्या आपला हात आपणच सांभाळून पुढं करत.

केतकी गल्ल्यामागं बसून हे बघायची. आईच्या बोटांत माया तेवढीच होती, जास्तच असेल. पण बोटं पुढं बघत नव्हती. काच अजून लागलेली नाही, पण लागेल, हे त्यांना आता ऐकू येत नव्हतं.

दिवस भरले. कळा सुरू झाल्या तेव्हा केतकीच्या पाठीशी आई होती, आणि अशी सोबत त्या प्रसूतिगृहानं पाहिली नव्हती. बाकीच्या बायांच्या आया जप करत, येरझाऱ्या घालत. ही बाई लेकीची कंबर चोळत गात होती, मधेच तिथल्या डॉक्टरीणबाईंची नक्कल करत होती. केतकी कळ देता देता हसली, आणि त्या हसण्यातच मुलगी झाली. नाव ठेवलं ईरा.

ईराला आजी म्हणजे चैन. आईच्या कुशीत ती कुरकुरायची, कारण केतकीच्या छातीत सारखी धडधड. आजीच्या मांडीवर गेली की कापसासारखी पडून राहायची. अडीच महिन्यांची असताना तिला सणकून ताप भरला. केतकीकडून औषधाच्या बाटलीचं झाकण निघेना. रोहिणीबाईंनी बाळाला खांद्यावर घेतलं, अंगणात फेऱ्या घालू लागल्या.

*रडू आलं तर रडावं, हसू आलं तर हसावं,*
*आजीच्या गं मांडीवर आभाळ होऊन बसावं.*

“आई, एकशे तीन आहे.”

“हो का,” आई गोड हसून म्हणाली. “म्हणूनच ऊब लागतेय.”

ताप उतरला, औषधानं. बाळ आजीच्याच खांद्यावर झोपलं. केतकी त्या दोघींकडं किती वेळ बघत राहिली. असं सुंदर दृश्य तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्या दृश्यात बाळाला एकटं सोडून आत पाणी प्यायला जायची तिची हिंमत होत नव्हती.

दुसऱ्याच आठवड्यात भूलघरातून फोन आला. घोरगाठ सहा महिन्यांच्या आत जागवता येत असे; त्यानंतर ती सुकून जायची. नाकात दोन थेंब टाकायचे, एवढंच. सहा महिने पुरे व्हायला एक दिवस उरला होता.

मायलेकी आणि नात सांगलीला आल्या. डॉक्टर निखतनी आधी बाळाला घेतलं, मग मुद्द्यावर आल्या.

“सही तुला करावी लागेल, केतकी. कायदा तसा आहे. बिनघोर राहिलेल्या माणसाला परिणामाची भीतीच नसते, म्हणून त्याची एकट्याची संमती धरत नाहीत. जवळच्या माणसानं ठरवायचं.”

“थेंब टाकले तर आई होती तशी होईल?”

“होईल. बोटंसुद्धा. पण घोरगाठ इतक्या दिवसांनी उठली की सगळी थकबाकी एकदम निरोपात धाडते. राखण महिनाभर पेंगेल. कुठं एखादी पेशी दडून बसली असली तर…” त्यांनी वाक्य सोडून दिलं. “विसांतलं एक, ते पुन्हा चौघांतलं एक होईल.”

“आणि नाही टाकले तर?”

“अशीच राहील. मला विचारशील तर नव्वद वर्षं जगेल.”

केतकी आईकडं वळली. आई बाहेरच्या बाकावरच्या एका घाबरलेल्या म्हाताऱ्याला कुठली भूल चांगली ते दारातून सांगत होती, आणि म्हातारा हसत होता.

“आई, तुला काय पाहिजे?”

“मला? मला काहीही चालतं. तू ठरव.”

“नीट ऐक. मला काही झालं तर तू काय करशील?”

रोहिणीबाईंनी खरोखर विचार केला. लेकीच्या कपाळावरचे केस मागं सारले. त्या बोटांत इतकी माया होती की केतकीनं डोळे मिटले. “रडेन की. पोटभर रडेन.”

“आणि काही होत नाही तोवर?”

“तोवर कशाला?”

डॉक्टर निखत खिडकीबाहेर बघू लागल्या. केतकीनं पेन उचललं, ठेवलं, उचललं. पुन्हा आईच्या भुवयांमध्ये ती उभी रेघ येईल. पुन्हा रात्री तीनदा उठणं येईल. पुन्हा ती बोटं पुढचं ऐकू लागतील, आणि या सगळ्यासकट, चौघांतल्या एका वाटेनं, आई कदाचित जाईलही. सही न करताच कागद तिनं डॉक्टरांकडं सरकवला.

“नको. जगू दे तिला.”

“मी पाचपर्यंत आहे,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. “मन बदललं तर ये.”

केतकी फाइल बांधत मागं राहिली, तेवढ्यात आईनं डॉक्टरांकडून बाळ घेतलं. बाहेर आली तेव्हा साडेचार वाजले होते, कलतं सोनेरी ऊन पडलं होतं, आणि आई बाळाला खांद्यावर घेऊन मिरजेच्या हमरस्त्याच्या मधोमध पोचली होती.

आता गाड्या आपल्या आपण चालत. समोर माणूस आलं की आपल्या आपण थांबत. त्या थांबल्या. एक, दोन, मग दहा-बारा, दोन्ही अंगांनी. एक मालाचा ट्रक कचकन ब्रेक लागून वीतभर अंतरावर थांबला. रोहिणीबाईंनी त्याच्या तोंडाला, बैलाच्या वशिंडाला थोपटावं तसं थोपटलं. काचांमागची माणसं हसत होती. आजी गात होती, नात तिच्या खांद्यावरून जगाकडं बघत होती. इतकं आनंदाचं काही त्या रस्त्यावर त्या दिवशी दुसरं नव्हतं.

पलीकडं पोचून त्या वळल्या आणि हात केला. “ये की गं. काय उभी राहिलीस?”

केतकीच्या पाठीशी भूलघराचं दार उघडं होतं. ती पायरी उतरली. आधी तिनं आई उभी होती त्या कडेची वाहनं बघितली, मग आईच्या पायाशी कुठला दगड, कुठली वायर नाही ना ते बघितलं. नजर त्या दोघींवरून न काढता ती रस्त्यात शिरली. तिच्या बाजूनं काय येतंय ते बघणारं आता या जगात कोणी नव्हतं, आणि तिचं तिलाही बघायचं राहून गेलं.